दत्त्यानं शुद्धीत लिहिलेला कागद

"आप्पा, किल्ली काढा! आधी ती पेटी उघडा!" मी असा ओरडत होतो की पंचगंगेपलीकडच्या म्हशी चरायच्या थांबल्या असतील. आतल्या खोलीत माझा लहानपणापासूनचा दोस्त दत्त्या पेंटर खाटेला दोरखंडानं बांधलेला, दारात त्याला भगताकडं न्यायला जीप उभी, आणि त्याचे थोरले भाऊ आप्पा करदोट्याची किल्ली मुठीत आवळून मलाच विचारतायत, "मृत्युपत्र हाय ते. माणूस जिता असताना उघडून त्येचं मरान बोलवू व्हय?"

"ते मृत्युपत्र न्हाय, आप्पा! डोकं चढल्यावर काय करायचं ते त्यानंच लिवलंय त्यात, साक्षीदार म्हणून माझीच सही हाय!"

जीप गेली. नवव्या दिवशी निरोप आला, दत्त्या गेला... भगताच्या उघड्या अंगणात, तापानं फणफणून. दीड महिना झाला, माझं टाळकं अजून थंड होत नाही.

कागलपासून शाहूवाडीपर्यंत ज्या दुकानाचा बोर्ड झोकात वाचता येतो तो दत्त्याचा. जो वाचताना मान मोडते तो दुसऱ्या कुणाचा. लग्न केलं नाही, ब्रशाशीच संसार. दोन-तीन वर्षांतून एकदा मात्र त्याचं डोकं चढायचं. झोप नाही, जेवण नाही, तोंडाची टकळी थांबत नाही. एकदा गंगावेशीत धारेला आलेल्या झाडून साऱ्या म्हशींची शिंगं त्यानं सूर्य वर यायच्या आत रंगवली. म्हशी सजवायचा दिवाळीचा पाडवा सहा महिने लांब! एका म्हशीला तर म्हणे एवढा गर्व चढला की तिनं आठवडाभर मालकाकडं वळून पाहिलं नाही. कट्ट्यावर दुधाचे पेले रिचवत लोक पोट धरून हसले, आणि त्यातलेच चौघे संध्याकाळी दोर घेऊन आले.

त्या वेळी राजारामपुरीतल्या एका डॉक्टरांनी सुई दिली, गोळ्या दिल्या, चार दिवस झोपवलं आणि पंधरा दिवसांत गडी ताळ्यावर आला. मग एका दुपारी माझ्याकडं येऊन म्हणाला, "मर्दा, डोकं फिरल्यावर माझं कोण ऐकत न्हाय, ते बराबरच हाय. पण ठिकाणावर असताना तरी ऐका की!" आणि त्यानं स्टॅम्पपेपर आणून स्वतःच्या हातानं कागद केला. चारी बाजूंनी तांबडी वेलबुट्टी, मथळा निळा... लग्नपत्रिकेनं लाजावं असा. मी सही ठोकली. घरात सगळ्यांना बसवून वाचून दाखवायचं ठरलं होतं, पण माझा बिद्रीच्या साखर कारखान्यात गळीत हंगाम सुरू झाला आणि ते राहिलं. ही चूक माझी. आप्पांच्या घरात स्टॅम्पचा कागद यापूर्वी दोनदाच उघडलेला, आजोबा गेल्यावर आणि वडील गेल्यावर. त्यांनी हाही तसाच, डांबरगोळ्या घालून, पेटीत ठेवला.

वर आणखी गल्लीतले शहाणे मला सांगतात, "येड्याच्या कागदाला काय किंमत?" अरे, बरा असताना लिहिलेलं वेड्याचं ठरवता, मग माणसानं लिहायचं तरी कधी? म्हशीच्या आजारपणाची तजवीज करता तुम्ही, माणसानं स्वतःची केली तर हसता!

तेराव्यानंतर आप्पांनी रीतीप्रमाणं पेटी उघडली आणि कागद माझ्या हातात दिला. मी घराच्या पुढच्या सोप्यात, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा वाचला. 'मी फुकट बोर्ड रंगवायला लागलो की डोकं चढलं म्हणून ओळखावं. डॉक्टरांना बोलवावं. सुईला मी नको म्हणेन, तरी टोचावी. त्या वेळच्या दत्त्याचं ऐकू नये, हे लिहिणाऱ्याचं ऐकावं. भगताकडं नेऊ नये. दोर लावू नये. माझ्या हातात ब्रश असू द्यावा. रंगाची भीती वाटली तर नुसतं पाणी द्यावं, मी भिंतीवर पाण्यानं लिहीन. वाळलं की जातंय.'

मी, ज्याच्या आवाजाला कारखान्याचा भोंगा वचकतो, तो मी कागद आप्पांपुढं धरून एवढंच म्हणालो, "बघा आता."

आप्पांनी कागद घेतला, उजेडाकडं धरला, वेलबुट्टीवरून बोट फिरवलं आणि घडी घालत म्हणाले,

"अक्षर मातूर देखणं हाय."