बनाबाई निमगावला गेल्या

काटेवाडीच्या बनाबाईंचा एकुलता एक मुलगा रणजित दक्षिण सुदानमध्ये मारला गेला, तेव्हा त्याचा साखरपुडा होऊन चारच महिने झाले होते. त्याची तुकडी तिकडे शांतिसेनेत होती. पाण्याच्या टँकरसोबत जाताना गाडीवर गोळीबार झाला. बनाबाईंनी तोवर त्या देशाचं नावही ऐकलं नव्हतं. नवरा आधीच वारलेला. आठवड्याभरात त्या पुन्हा गोठ्यात उतरल्या. म्हशींची धार काढायला दुसरं कोण होतं?

दर पंधरा ऑगस्टला शाळेत त्यांचा सत्कार होई. शेजारी राजेश्वरीला बसवत. रणजितशी साखरपुडा झालेली ती निमगाव केतकीची मुलगी. लग्न झालं नव्हतं, तरी गावातल्या पोरांनी फ्लेक्सवर तिच्या नावापुढं ‘वीरपत्नी’ छापलं. बनाबाईंना ते खटकलं, पण त्या बोलल्या नाहीत. तिसऱ्या वर्षी मात्र पोर पार वाळलेली दिसली. दुसऱ्या दिवशी त्यांनी निमगावची एसटी धरली.

राजेश्वरीचे वडील जोतीराम घरीच होते.

"पाव्हणं, पोरीचं लगीन का करत न्हाय?"

"स्थळं येत्यात, पर फ्लेक्सचं कळलं की माघारी जात्यात. आन् तुमास्नी काय वाटंल?"

"मला इचारलं का कधी?"

जोतीरामांनी पोरीला बाहेर बोलावलं. बनाबाईंनी राजेश्वरीला जवळ बसवलं.

"आत्या, मला त्यांचा आवाजबी आता नीट आठवत न्हाय," ती रडत म्हणाली. "पाप केल्यासारखं वाटतं."

"कसलं पाप? फोनवरची वळख ती, किती दिवस पुरणार? त्याची आठवण काढायला मी हाय."

गावी येऊन त्यांनी फ्लेक्सवरचं तिचं नाव काढायला लावलं. पोरं कुरकुरली. मग बनाबाईंनीच स्थळ शोधलं: त्यांच्या चुलत भावाचा मुलगा मानसिंग, माळेगावच्या कारखान्यात फिटर. सगळं ऐकून त्यानं एवढंच विचारलं, "तिची मर्जी हाय का?" दोघं बारामतीत भेटले, बोलले. राजेश्वरीनं होकार दिला.

हळदीला बनाबाई बायकांच्या मागं बसल्या. विधवेनं हळद लावू नये, असा रिवाज. राजेश्वरीनं पाटावरूनच हाक मारली, "आत्या, तुमी लावा की." दोघीतिघी कुजबुजल्या. बनाबाई उठल्या, हळद लावली, जेवल्या आणि मिळेल त्या गाडीनं घरी आल्या.

दार लावून त्या खूप रडल्या. इतकं रणजितला आणलं तेव्हाही रडल्या नव्हत्या. ही सून त्यांच्या घरी यायची होती.