सगळ्यांना जिवंत ठेवणारी भावजय

माझ्या भावाची नजर जाते आहे. उजवा डोळा गेलाच, डावा त्याच वाटेवर आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हे स्वच्छ शब्दांत सांगितलं, पण सांगितलं त्याच्या बायकोला. तो त्या वेळी आतल्या खोलीत औषध घालून डोळे मिटून बसला होता. थोडं दिसतंय तोवरच काठीने चालायला शिकून घ्या, नंतर फार जड जातं, असंही ते म्हणाले. माझी भावजय बाहेर आली आणि नवऱ्याला म्हणाली, "आहे तेवढं राहील म्हणतात."

खरं काय ते तिने मला जिन्यात गाठून सांगितलं आणि वर माझ्याकडून वचन घेतलं, की त्याला मीच सांगणार, तुम्ही मध्ये बोलायचं नाही. या गोष्टीला उन्हाळा उलटून गेला. ती भेटेल तेव्हा मी विचारायचे, "सांगितलंस?" ती म्हणायची, "सांगते हो ताई, जरा वेळ बघून." कसली वेळ बघत होती देव जाणे.

आणि त्याने काय करावं? आहे तेवढं राहणार म्हटल्यावर हा गडी डावा डोळा जपून वापरायला लागला. जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासली, तेव्हा डोळा म्हणजे झिजणारी वस्तू, असा त्याचा पक्का समज. पेपर बंद केला. नातीचे फोटो आले तर "नंतर बघतो" म्हणायचा. दिवसाचा बराच वेळ काळा चष्मा लावून, डोळे मिटून खुर्चीत बसायचा, कंजुषाने तिजोरीवर बसावं तसा. आणि ही बाई शेजारी बसून शांतपणे शेंगा सोलायची.

तिचं असं का, हे कळायला तिची नोकरी माहीत हवी. ती एका मोठ्या रुग्णालयात टेलिफोन ऑपरेटर होती. जिन्याखालची बिनखिडकीची खोली, कानाला हेडफोन, समोर दिव्यांचा फळा. लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हाही नोकरीत होती आणि निवृत्त होईपर्यंत त्याच खुर्चीत राहिली. माझा भाऊ तिला अजून 'ऑपरेटर' म्हणूनच हाक मारतो. तिथला एक नियम होता, फोनवर मृत्यू सांगायचा नाही. तो डॉक्टरांनीच समोर बसवून सांगायचा. वॉर्डातून बातमी पहिली हिच्याकडे यायची आणि पाठोपाठ नातेवाइकांचा फोन. म्हणजे हिला रोज असं काहीतरी बोलावं लागे, जे खोटं नाही आणि खरंही नाही. "डॉक्टर त्यांच्यापाशीच आहेत." "आता त्रास नाही त्यांना." आवाज असा मऊ, की माणसं निर्धास्त होऊन चप्पल घालून निघत. नंतर काही जण मुद्दाम तो आवाज कोणाचा म्हणून बघायला येत. मी असते तर भांडायला आले असते.

मला अनुभव आहे. माझे वडील गेले तेव्हा मी कॉलेजच्या परीक्षेचे पेपर तपासायला परगावी होते. मी घरी फोन लावला, तो हिने उचलला. म्हणाली, "ताप उतरलाय." मी पोटभर जेवले, झोपले आणि सकाळच्या गाडीने आले. उतरलाच होता म्हणा.

आता सिनेमांचं सांगते. आमची शनिवारची बैठक आहे. चौघं-पाच जण आठवड्यात आपापल्या घरी एकच सिनेमा बघतो आणि शनिवारी सकाळी माझ्याकडे चहाला जमून त्याची चिरफाड करतो. माझा भाऊ, भावजय, खालच्या मजल्यावरचे निवृत्त दातांचे डॉक्टर, आणि माझ्याच कॉलेजातल्या ग्रंथपालबाई. भावाच्या मताला तिथे वजन आहे. एकेकाळी तो पडद्यावर मागे दिसणाऱ्या कॅलेंडरवरची तारीख चुकलेली पकडायचा. नजर गेली तरी मत गेलेलं नाही, आणि शनिवारची ती खुर्ची हीच त्याची उरलेली कचेरी. आपल्या भाषेतले सिनेमे तो ऐकून पार पाडायचा. पण ग्रंथपालबाईंना परदेशी सिनेमांचं वेड लागलं आणि खाली अक्षरं येणारे चित्रपट सुरू झाले. मग अक्षरंही भावजयीने वाचायची आणि चित्रंही तिनेच सांगायची. तो शेजारी डोळे मिटून. डावा वाचवत.

पहिला खटका उडाला तो बर्फातल्या सिनेमावरून. एक बाप हरवलेल्या मुलाला डोंगराडोंगरांतून शोधतो, अशी गोष्ट. भाऊ म्हणाला, "सगळं छान, पण शेवटी मुलगा सापडतो तिथे दिग्दर्शकाने कच खाल्ली."

दातांचे डॉक्टर म्हणाले, "सापडतो कुठे? गेलेला असतो ना तो."

"डॉक्टर, तुम्ही मध्यंतरानंतर झोपता. मागच्या वेळीही झोपला होतात."

"घरच्या टीव्हीला मध्यंतर कसलं आलंय?"

"तेच म्हणतोय मी. त्यामुळे तुमची झोप सलग होते."

सगळे हसले. डॉक्टर खरोखर झोपतात, त्यामुळे बिचारे स्वतःच गोंधळले. मी मात्र जागी राहून बघितला होता. तो मुलगा बर्फाखाली होता, आणि बाप त्याचा बूट हातात घेऊन बसतो तिथे सिनेमा संपतो. मी भावजयीकडे बघितलं. ती बिस्किटांची बशी उगाच पुसत होती.

स्वयंपाकघरात तिला गाठलं. "मुलगा कधी जिवंत झाला?"

"अहो ताई, इतका वेळ शोधत होते ते. यांचे श्वास अडकलेले. कुठे मारू त्याला?"

"तू नाही मारलास. दिग्दर्शकाने मारलाय."

"दिग्दर्शकाला काय, तो घरी गेला. यांना रात्रीची झोप लागायला हवी."

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, हे कधीपासून? तर म्हणे पहिल्या परदेशी सिनेमापासून. त्याआधीच्या बेकरीच्या सिनेमातला म्हातारा आगीत जळून जातो. हिच्या सिनेमात त्याचा फक्त हात भाजला, आणि तोही डावा. मी तिला स्पष्ट सांगितलं, तू त्याला सगळ्यांपुढे तोंडघशी पाडणार आहेस. तिने मान डोलावली. तिच्या मान डोलावण्याला काडीचा अर्थ नसतो, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

म्हटलं, चला, आपणच सांगू. पुढचा सिनेमा मी त्यांच्याकडे जाऊन बघितला आणि वर्णन माझ्याकडे घेतलं. "बाई आली. खिडकीशी उभी आहे. रडते आहे. रडणं चालूच आहे." अर्ध्या तासात भाऊ म्हणाला, "ताई, तू सिनेमा सांगतेस की हजेरी घेतेस? ऑपरेटर, तू सांग." आणि ती सांगायला लागली. खिडकीची काच धुरकट आहे, बाई त्यावर बोट टेकवते आणि मग ते बोट पदराला पुसल्यासारखं कोटाला पुसते. मी तोच पडदा बघत होते आणि मला बोट दिसलं नव्हतं. चडफडत घरी आले. चांगलं सांगते म्हणून खोटं माफ होतं का? त्यात तो सिनेमा निघाला आनंदी, त्यामुळे तिला काही बदलावंच लागलं नाही आणि मला तिला रंगेहाथ पकडताही आलं नाही.

मग आला होडीवाल्या बाईचा सिनेमा. नदीत बुडालेल्या नवऱ्याची ती वाट बघते. शेवटी त्याचा सदरा सापडतो, ती होडी प्रवाहात सोडून देते आणि उलट्या दिशेने चालू लागते. त्या शनिवारी भावाने चहाचा घोट घेतला, घसा साफ केला आणि सुरुवातच केली, "बाई कसलेली आहे. पण नवरा परत येतो तो प्रसंग मला पटला नाही. ती दाढी. माणूस इतके महिने बाहेर राहिलेला, आणि दाढी अशी नेटकी? शिवाय ती दाढीवरून हात फिरवते ते फारच लांबवलंय."

ग्रंथपालबाईंनी चष्मा काढला. "कोणती दाढी?"

"नवऱ्याची."

"नवरा येत नाही हो," डॉक्टर म्हणाले. "आणि या वेळी मी जागा होतो. बायकोला विचारा माझ्या."

भाऊ प्रूफ तपासताना जो आवाज काढायचा त्या आवाजात म्हणाला, "बर्फातला मुलगा?"

"गेला," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"बेकरीवाला?"

"तोही."

मला वाटलं आता हा चिडेल, कप आपटेल. मी तयारीतच होते. पण त्याने काळा चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि विचारलं, "ऑपरेटर, डोळ्यांचे डॉक्टर काय म्हणाले होते?"

ती गाळणं हातात घेऊन दारात उभी होती. आता काहीतरी मऊमऊ येणार म्हणून मी दात आवळले. इकडे वचनाने माझे ओठ शिवलेले. तिने गाळणं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "डावाही जाणार. वर्षभरात म्हणाले होते."

"आणि?"

"दिसतंय तोवर काठी शिकून घ्या म्हणाले."

"म्हणजे हा मी कोणासाठी जपत बसलो होतो?" तो म्हणाला. डॉक्टर आणि ग्रंथपालबाई आपापल्या कपात बघत बसले. माझा भाऊ मान तिरकी करून, जिथून अजून दिसतं त्या कोपऱ्यातून, बायकोकडे बघत राहिला. कित्येक महिन्यांत त्याने कशाकडेच इतका वेळ बघितलं नव्हतं.

"केस पांढरे कधी झाले तुझे?"

"रंगवायचे सोडले."

"तेही नाही सांगितलंस."

तुम्हाला वाटेल, झालं, आता सगळं सुरळीत होईल. मलाही वाटलं होतं. पण आमच्या घरात सरळ काही होत नाही. इतके दिवस डोळा मिटून बसलेला माणूस आता मिटेनाच. सकाळी उठून गॅलरीत बसे आणि समोरच्या भिंतीवरचा ओलीचा डाग बघत राही. नातीचे सगळे फोटो फोनवर मोठे करकरून बघितले. टीव्हीला नाक लावून सिनेमा बघू लागला. भावजय फक्त अक्षरं वाचायची. मेलेल्याला मेला म्हणायची, मात्र इतक्या हळू की त्याला पुन्हा विचारावं लागे. आणि काठीचं नाव काढलं की साहेब म्हणत, "जरा बघून घेतो ताई, मग शिकतो." आधी ती टाळत होती, आता हा. माझ्या हातात चुलीतली लाकडं असती तर दोघांना एकेक दिलं असतं.

शेवटी मीच जाऊन काठीच्या वर्गात त्याचं नाव घातलं. जुन्या शाळेचा रिकामा हॉल, इकडे तिकडे मुद्दाम मांडलेल्या खुर्च्या आणि बाकं, आणि शिकवायला एक तरतरीत मुलगी. तिने भावाच्या हातात काठी दिली आणि म्हणाली, "काका, आता डोळ्यांवर पट्टी बांधायची."

"का? मला दिसतंय अजून."

"म्हणूनच. दिसतं तोवर माणूस काठीवर विश्वास टाकत नाही. बांधा."

"नाही बांधणार," तो म्हणाला. "जे उरलंय ते बघायचंय मला. तुमच्या फडक्यासाठी नाही ठेवलं ते."

मुलीने समजावलं. मी समजावलं, म्हणजे ओरडले. तो काठी भिंतीला टेकवून बाकावर बसला, लहानपणी औषधाच्या वेळी बसायचा तसा. मी पर्स उचलली. म्हटलं, जाऊ दे, दोघं एका माळेचे मणी, मी का जीव आटवू?

तेव्हा भावजय उठली. मुलीच्या हातातून पट्टी घेतली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं आता म्हणेल, राहू दे, उद्या बघू.

"बांधा," ती म्हणाली. "नाही शिकलात तर पडाल. पडलात तर मला उचलता येणार नाही. माझे गुडघे गेलेत. जिना उतरताना मी कठड्याला धरून एकेक पायरी उतरते, तुम्हाला दिसत नाही म्हणून तुम्हाला माहीत नाही."

तिच्या त्या आवाजात मऊपणा औषधालाही नव्हता. हेच वाक्य तिने उन्हाळ्यात टाकलं असतं तर एव्हाना हा माणूस काठी घेऊन बाजारात गेला असता.

त्याने थोडा वेळ तिच्या गुडघ्यांकडे बघितलं. मग मान खाली घातली. तिने मागून गाठ मारली, घट्ट. तो उठला, काठी चाचपून घेतली, चार पावलं टाकली आणि त्याची काठी कशावर तरी आपटली.

"काय आहे?" त्याने विचारलं.

"खुर्ची," भावजय म्हणाली.

मी मान पुढे काढून बघून घेतलं. खुर्चीच होती.