समोरच्या दवाखान्यातले पेढे

मेरी सिस्टर दर सोमवारी सोनोग्राफीचं मशीन पुसायच्या. तीन वर्षांपूर्वी ते आलं तेव्हा हार घातले, फीत कापली, पेपरात फोटो आले. ते चालवणारा डॉक्टर तेवढा यायचा राहिला. शेवगावजवळच्या त्या सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं काढलेल्या मेरी सिस्टर म्हणायच्या, "नवरी आणून बसवलीय, नवऱ्याचा पत्ता नाही."

बायकांच्या डॉक्टरची जागा भरायला सरकारकडे पैसा नव्हता. रस्त्यापलीकडच्या खासगी हॉस्पिटलला मात्र तेच सरकार आरोग्य योजनेच्या कार्डावर मुकाट पैसे मोजायचं. घरची चूल विझवायची आणि खानावळीचं बिल भरायचं, असलं हे शहाणपण! तिथल्या डॉक्टरला मेरी सिस्टर 'पिशवीवाला' म्हणत. कंबर दुखते? गर्भाची पिशवी काढा. अंगावरून जातं? पिशवी काढा.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी लंकाबाई आली. वय एकोणतीस, ऊसतोडीला निघालेली. पिशवीवाल्याने तिला कॅन्सरची भीती घातली होती. टोळीचा मुकादमही खूश होता, बाईचे दर महिन्याचे खाडे वाचणार होते. ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी होतं आणि त्याआधीचं रक्त फुकटात तपासून आणायला तिला इकडे धाडलं होतं.

मेरी सिस्टरांचं डोकंच फिरलं. "अगं बये, आपल्या इथल्या डॉक्टरसाहेबांनी तपासलंय ना तुला? साधं इन्फेक्शन आहे. चौदा दिवस गोळ्या घे. आत्ताच पिशवी काढलीस तर चाळिशीच्या आत म्हातारी होशील. त्या मेल्याला हॉस्पिटलवर मजला चढवायचाय, त्यात तू कशाला मरतेस?"

लंकाबाईने गोळ्यांची पुडी पदराला बांधली. मग हळूच म्हणाली, "सिस्टर, राग नका धरू. तुमच्या सुनंचं बाळंतपण कुठं झालं हुतं?"

सून सिल्व्हियाला कळा सुरू झाल्या तेव्हा मेरी सिस्टरांनीच तिला रस्त्यापलीकडे नेलं होतं. नातू झाल्याचे पेढे मात्र इथल्या वॉर्डात खाटेखाटेला वाटले होते. एसी खोली होती, हेही मिरवून सांगितलं होतं.

"माझा धाकला तवा इथंच ॲडमिट हुता. मलाबी पेढा दिल्ता तुमी," लंकाबाई म्हणाली. "मला वाटलं, सिस्टर घरच्या मान्साला नेत्यात, तितं चांगलंच आसल."

"भ्याले गं मी तेव्हा," मेरी सिस्टर कशाबशा म्हणाल्या.

"मंग मी न्हाई का भ्यायचं?"

लंकाबाईने पदराची गाठ सोडली, पुडी टेबलावर ठेवली आणि रक्ताचा रिपोर्ट घेऊन ती रस्ता ओलांडून गेली. जन्मभर दुसऱ्यांसाठी राखलेल्या शिव्या मेरी सिस्टरांनी त्या दिवशी स्वतःला घातल्या. मशीन पुसायचं राहूनच गेलं.