ओलं म्हणून घेतलेलं लाकूड

सुतारानं मला फसवलं, आणि माझी बायको त्याला सामील होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्याकडं ही गोष्ट हसत सांगितली जाते आणि हसण्यात मूळ मुद्दा बुडतो.

मी कोल्हापुरात गुळाचा व्यापार करतो. पाठीवर ढेपा वाहण्यापासून सुरुवात केली, आज स्वतःची अडत आहे. ढेपेवर अंगठा दाबला की आत ओलावा किती ते मला कळतं. भाव पाडून घेणं ही माझी विद्या. रागही पटकन येतो. दोन्हींची मला लाज नाही.

गारगोटीच्या पुढं उताराची थोडी जमीन घेतली होती. तिथं लाकडाचं घर बांधायचं ठरवलं. छत्तीस वर्षं बायको दुकानावरच्या दोन खोल्यांत राहिली. खाली ट्रक लागला की वर कपबश्या वाजायच्या. तिला मोकळं घर द्यायचं, एवढंच माझ्या मनात होतं. कसं द्यायचं ते मात्र मीच ठरवून टाकलं होतं. जेसीबीनं उतार सपाट करायचा, मधली जांभळीची झाडं काढायची आणि रस्त्यावरून दिसेल असं घर उभं करायचं. जेसीबीवाल्याला पुढच्याच आठवड्यात बोलावलं होतं.

सुतार नेसरीचा. वयस्कर, कमी बोलणारा. त्याला आणि बायकोला घेऊन गडमुडशिंगीकडच्या एका वखारीत लाकूड बघायला गेलो. ऐनाचे खांब, फणसाच्या फळ्या. माल चांगला होता, म्हणूनच मी नाक मुरडलं.

"ओलं आहे," मी म्हणालो.

वखारवाला उसळला. "पावणं, दोन उन्हाळं खाल्लेलं लाकूड हाय. वाजवून बघा की."

"वाजवायला मी काय तबलजी आहे? ओलं ते ओलं."

तासभर हेच चाललं. बायको आणि सुतार तोवर बाहेर ओंडक्यावर बसून काहीतरी बोलत होते. शेवटी वखारवाला भावात खाली आला आणि मी माल उचलला.

परत येताना सुतार गाडीत म्हणाला, "मालक, तुमचं बरोबर हाय. लाकूड वलंच हाय. एक वरीस थप्पी लावून सुकवाय पायजे. न्हायतर खांब पिळत्यात, दारं अडकत्यात."

मला काय आनंद झाला. भाव पाडायला मारलेली थाप खरी निघाली होती. माझी नजर लाकडावरही चालते, असं मी आठ दिवस बाजारात सांगत फिरलो. जेसीबीवाल्याला पुढच्या वर्षी बघू म्हणून कळवलं.

जमिनीवर पत्र्याची शेड घातली. फळ्यांच्या थरांमध्ये पट्ट्या ठेवून थप्पी रचली. सुतार म्हणाला, दर रविवारी येऊन थर खालवर करायचे, दुसऱ्याच्या हाती देऊ नका. म्हणून दर रविवारी आम्ही दोघं जायचो. मी फळ्या हलवायचो, ती दुसरं टोक धरायची. मग थप्पीवर बसून भाकरी आणि खर्डा.

आषाढात एकदा तिनं हाक मारली. "अहो, इकडं या जरा." छत्री घेऊन ती उतारावर उभी होती. वरून लाल पाणी ओघळत येत होतं, नेमकं माझ्या ठरलेल्या घरातून.

"गटार काढू," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी तिनं मला पुन्हा तिथंच नेऊन उभं केलं. तिसऱ्या रविवारी घर बाजूला घ्यायचं मी स्वतःच सुचवलं. निदान मला तसं वाटलं. थंडीत ऊन कुठं आधी येतं ते तिनं खुंटी ठोकून दाखवलं. चैत्रात जांभळींची सावली कुठवर पोचते तेही.

त्या शेडमध्येच मला कळलं की दुकानावरचा जिना ती दोन वर्षं पाठमोरी उतरते आहे. गुडघे धरतात म्हणून. मी रोज त्याच जिन्याखाली गादीवर बसलेला असायचो.

सुतारानं तिची मापं टेपनं घेतली नाहीत. एक काठी घेतली आणि तिच्यावर खाचा केल्या. ओट्यासाठी कोपराची, फळीसाठी हात पोचेल तिथली, बसायच्या बाकासाठी गुडघ्याची. बाकाची रुंदी विचारली तेव्हा ती म्हणाली, "रुंदच करा. ह्यांना मांडी घातल्याशिवाय बसवत नाही."

घर झालं. जमीन कुठंही कापली नाही. जांभ्याच्या दगडांवर ऐनाचे खांब, उताराकडचे उंच, मागचे बुटके. तिन्ही जांभळी जागेवर. रस्त्यावरून घर दिसत नाही.

वास्तुशांतीला वखारवाला आला. खांबावर हात फिरवत म्हणाला, "वलं म्हणून भांडलासा नव्हं? एक भेग दावा बघू. मी दिलं तवाच वाळून खडखडीत हुतं."

मी सुताराकडं बघितलं. तो जिलेबीकडं बघत होता.

"वर्षभर मला फळ्या हलवायला लावल्यास?" मी सगळ्यांसमोर ओरडलो.

"मालक, वलं हाय म्हणून तुमीच म्हणालासा की."

पंगत हसली. मी ताटावरून उठलो आणि मागच्या दारी गेलो. बायको मागून आली.

"वखारीत मीच सुतारांना सांगितलं होतं," ती म्हणाली. "काहीही कारण काढा, पण जेसीबी थांबवा."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. दोनदा."

मला आठवत नाही. कुठल्या साली कुणाचा गूळ काय भावानं घेतला ते आजही झोपेतून उठवलं तरी सांगेन, पण हे आठवत नाही. घर उत्तम झालंय आणि बाकही मांडीला पुरतो, तरी माझं भांडण मिटलेलं नाही. सुताराला मी सोडलं, तो सांगितलेल्या कामाचा माणूस. तिला सोडणार नाही. मी ऐकत नाही म्हणून छत्तीस वर्षांत आणखी काय काय तिला असं आडून करून घ्यावं लागलं, आणि काय काय तिनं मागायचंच सोडून दिलं, ते तिनं मला समोर बसून सांगावं. विचारलं की ती चहा ठेवायला उठते. ते चालणार नाही. मला उत्तर पाहिजे.