घाटापलीकडची हवा

गल्लीत तिला सगळे कवळीबाई म्हणत. दातांच्या दवाखान्यांसाठी ती कवळ्या बनवायची. मेणात एकेक दात बसवायचा, घासायचा, चमकवायचा आणि कुणा अनोळखी म्हाताऱ्यासाठी हसू पाठवून द्यायचं, हा तिचा धंदा. नवरा लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर होता. जन्मभर त्याने धूर गिळला आणि शेवटी धुराने त्यालाच गिळायला घेतलं. आता तो खिडकीशी पलंगावर उशांना टेकून असे. नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत.

थंडी पडली तशी घराघरांत कोळशाच्या शेगड्या पेटल्या. धूर वर जाईना, गल्लीतच बसून राहिला. डॉक्टरांनी बाईला जिन्यात गाठलं.

"खरं सांगू? या हवेत ते हिवाळा काढणार नाहीत. समुद्राकाठी न्या. विमानाचं नाव काढू नका. आणि रस्त्याने गेलात तर घाटात थांबू नका. चढलात की लगेच उतरा."

समुद्र देशाच्या दुसऱ्या टोकाला. तिथे तिची थोरली बहीण राहायची. "तू ये तर खरी, खोली रिकामीच आहे," ताई फोनवर म्हणाली. ये म्हणायला काय जातं! आगगाडीवाले ऑक्सिजनचा सिलिंडर चढवू देईनात. राहता राहिला रस्ता, आणि रस्त्याच्या मधोमध बर्फाचा घाट.

नवऱ्याला मात्र हुरूप आला. डोळे मिटून तो रस्ता सांगू लागला, जणू स्टिअरिंग हातातच आहे. "पहिला मुक्काम पुलाजवळच्या खाणावळीत. मालक आपला दोस्त. मशीन लावायला वीज देईल. दुसरा साखर कारखान्यासमोर..." मध्येच धाप लागायची, तो थांबायचा, दम खाऊन पुन्हा गाडी सुरू.

बाई स्वयंपाकघरात जाऊन एकेक फोन लावायची. पुलाजवळची खाणावळ केव्हाच पाडलेली. कारखान्यासमोरच्या नंबरावर कुणी बाई म्हणाली, "ते वारले हो, आता इथे टायरचं दुकान आहे." तिसरा नंबर लागलाच नाही. नवरा सांगत होता तो रस्ता फक्त त्याच्या डोक्यात उरला होता.

"काय म्हणाला दोस्त?" त्याने विचारलं.

"या म्हणाला. कधीही या."

तो हसला. तिने पाठ फिरवली आणि उगाच भांडी विसळत बसली.

गाडी धाकट्या दिराची ठरली होती. सामान बांधून झालं, घरमालकाला चावी द्यायचा दिवस उजाडला, आणि दिराचा फोन आला. "वहिनी, राग मानू नका. घाटात बर्फ आहे म्हणतात. घरचे नको म्हणताहेत. रस्त्यात दादाचं काही बरंवाईट झालं तर..."

"आणि इथे झालं तर?" ती म्हणाली. तिने फोन ठेवला. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगणार कुणाला? खोलीत रिकाम्या भिंती, दारात बोचकी, आणि संध्याकाळी नवा भाडेकरू यायचा. ती जिन्यात बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

रडून काही होत नाही म्हणून मग उठली आणि थेट बाजारात गेली. समुद्रावरून मासे घेऊन येणारी गाडी परत रिकामीच जाते, हे तिला माहीत होतं. ड्रायव्हर टपावर बसून दोर आवळत होता.

"दादा, माणूस न्यायचाय. आजारी आहे."

"बाई, ही माशांची गाडी. वास येतो."

"त्याला वास घेण्याइतका श्वासच कुठे आहे?"

ड्रायव्हर खाली उतरला. "आणा त्यांना," एवढंच म्हणाला.

बोचकी मागच्या पेटीत गेली. नवरा केबिनमध्ये मधोमध बसला, मशीन गाडीच्या बॅटरीवर लागलं, अडीनडीचा छोटा सिलिंडर पायाशी. वाटेत पुलाजवळ त्याने मान वळवली. खाणावळ नव्हती. त्याने बायकोकडे पाहिलं, ती समोर बघत राहिली. "बरं केलंस," तो पुटपुटला, "नाहीतर मी निघालो नसतो."

दुसऱ्या दुपारी घाटात, नेमकी माथ्यावर, गाड्यांची रांग थांबली. पुढे दरड आणि बर्फ. इंजिन बंद करावं तर मशीन बंद, चालू ठेवावं तर डिझेल संपणार. विरळ हवेत नवऱ्याचे ओठ निळे पडत चालले. बाई खाली उतरली आणि घोटाभर बर्फातून एकेका ट्रकची काच ठोकत निघाली. "इंजिन चालू ठेवून तुमच्या केबिनमध्ये मशीन लावू देता का थोडा वेळ? माझ्या माणसाला श्वास हवाय हो!" एकाने काच वर केली. एक म्हणाला, "आमचंच भागत नाही." मग सिमेंटच्या ट्रकवाल्याने दार उघडलं. तिथलं डिझेल संपत आलं तेव्हा त्यानेच मागच्या ट्रकवाल्याला हाक मारली. चौघांनी नवऱ्याला उचलून या केबिनमधून त्या केबिनमध्ये नेलं. सिलिंडर फक्त तेवढ्या वाटेपुरता. "पॅसेंजर बदली!" नवरा एकदा म्हणाला, आणि मग त्याची शुद्धच गेली.

अंधार पडता पडता रस्ता मोकळा झाला. घाट उतरल्यावर पहिल्याच गावात सरकारी दवाखाना होता, तिथे त्याला दाखल केलं. माशांची गाडी बोचकी उतरवून पुढे गेली.

तिथली हवा बरी होती. तो शुद्धीवर आला, पेज प्यायला, नर्सला घाटातली वळणं समजावून सांगू लागला. पण पुढच्या प्रवासाला डॉक्टरांनी ठाम नकार दिला. थंडी ओसरायच्या आत तो गेला, समुद्र न बघताच.

ताईचे फोन येत राहिले. "आता तरी ये गं, एकटी काय करतेस तिथे?" बाईने दवाखान्यासमोरच एक खोली घेतली होती. गावातल्या दातांच्या डॉक्टरला कवळ्या करणारं कुणी हवंच होतं. पुढे जायचं तिच्या जिवावर येई, मागे जायला घर नव्हतं.

"येईन गं," ती म्हणायची. "हे एवढं काम हातावेगळं झालं की बघते."