परवा दुपारी कापायचं खरबूज

बाजाराच्या मागच्या दाराशी काकूंचा गाळा होता. सत्तावीस वर्षं त्या तिथे फळं-भाजी विकत होत्या, आणि काय घ्यायचं यापेक्षा काय घ्यायचं नाही हेच गिऱ्हाइकाला आधी सांगत होत्या. मटार आत्ताच नको, थंडी पडू दे, गोड होतील. वांगं हातात घेऊन बघा, आकाराच्या मानाने जड लागलं तर बिया निघणार. कलिंगडाची जमिनीला टेकलेली बाजू चांगली पिवळी हवी, पांढरट असेल तर ते घाईने तोडलंय. शेजारचे गाळेवाले म्हणायचे, ही बाई स्वतःच्याच धंद्याच्या मुळावर उठलीय. पण गिऱ्हाईक तिथून हलायचं नाही.

खरी ख्याती मात्र खरबुजांची. देठाच्या जागी नाक लावून काकू सांगायच्या, हे आज कापा, हे परवा दुपारी. सहसा चुकायचं नाही.

एका हिवाळ्यात त्यांना तापाने गाठलं. ताप उतरला, पण वास गेला. दूध करपलं तरी कळेना. येईल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले. घरात त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. सूनबाई गाळ्यावर असायची, पण तिने तोलायचं आणि पिशव्या भरायच्या, निवड काकूंचीच. उन्हाळा लागला, खरबुजं आली, आणि काकू सवयीने नाक लावून अंदाजपंचे सांगू लागल्या. रंग बघायच्या, अंगठ्याने दाबायच्या, बाकी देवावर हवाला.

मग शाळेतल्या चित्रकलेच्या बाई एक खरबूज परत घेऊन आल्या. रागावल्या नव्हत्या. पाहुण्यांसमोर कापलं तर आतून काकडी निघाली, एवढंच त्यांनी सांगितलं. दुसरं द्यायला काकूंनी हात पुढे केला आणि तो ढिगावरच थांबला.

"बाई, मला वासच येत नाही," त्या म्हणाल्या. "तीन महिने झाले. मी तुम्हाला अंदाजानेच ठोकून दिलं."

तराजूमागून सूनबाई पुढे आली. तिने एक खरबूज हुंगलं, ठेवलं. दुसरंही ठेवलं. तिसरं बाईंच्या पिशवीत घातलं आणि आज संध्याकाळीच कापा म्हणाली.

बाई गेल्यावर काकूंनी तिला विचारलं, हे तुला कधीपासून कळतं.

"तुम्ही बाजूला ठेवलेलं प्रत्येक फळ मी मागून हुंगत आलेय, आई. नऊ वर्षं. तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

काकूंचं तोंड त्या दिवशी आंबट झालं होतं खरं, पण राग सूनबाईवर नव्हता, स्वतःवर होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं स्टूल उचलून पालेभाज्यांकडे नेलं आणि खरबुजांपुढची जागा मोकळी केली. गिऱ्हाइकांना स्वतःच सांगून टाकलं, नाक आता हिचं, बोटं माझी. दोघींचे वादही होतात. सूनबाई फळ लवकर कापायला सांगते असं काकूंना वाटतं, आणि काकू भेंडीची इतकी टोकं मोडून बघतात की विकायला काही उरत नाही, असं सूनबाईचं म्हणणं.

वर्षभराने एका सकाळी कोथिंबिरीची जुडी सोडताना काकूंना पुसटसा वास आला. त्यांनी ती जुडी पुन्हा पुन्हा नाकाशी धरली. सूनबाई म्हणाली, मग आता या इकडे. काकूंनी नकारार्थी मान हलवली. पालेभाज्यांच्या बाजूला अकरापर्यंत सावली असते आणि येणारी-जाणारी सगळी माणसं दिसतात, मी इथे बरी आहे, असं म्हणून त्या मेथी निवडू लागल्या.