पुलासाठी लिटरमागे एक रुपया

रस्ते आणि पूल सांभाळणाऱ्या खात्यात मी आयुष्यभर कारकून होतो. माझ्या टेबलावरून किती रस्ते गेले ते आता आठवत नाही. गेले ते गेलेच. किस्से मात्र राहिले. डांबर एका पावसाळ्यात उखडतं. किस्सा उखडत नाही, उलट दरवर्षी त्यावर एक थर चढतो. निवृत्त झाल्यावर हा साठा आटेल असं वाटलं होतं. पण संध्याकाळी पेट्रोल पंपासमोरच्या चहाच्या टपरीवर बसू लागलो आणि नवा पुरवठा सुरू झाला.

टपरीवर आम्ही चौघे. बापू, हायस्कूलात भूगोल शिकवून निवृत्त झालेले. अजूनही स्कूटरवरून जाताना दिशा सांगतात. नाना, पोस्टातले, सगळीकडे सायकलने. आबा, नाल्यापलीकडचे शेतकरी. ट्रॅक्टरवरून उतरून चहा पितात आणि ट्रॅक्टर बंद करत नाहीत. चौथा मी. आमच्या गावातून धरणगावकडे जाणारा एक आतला रस्ता आहे, त्यावर हा नाला, आणि नाल्यावर एक पूल. पुढचं सगळं त्या पुलामुळे झालं.

*

एका संध्याकाळी नानांनी पेपरातून बातमी वाचली. पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे एक रुपया जादा कर घ्यावा आणि तो फक्त रस्ते-पुलांच्या दुरुस्तीला वापरावा, अशी कुणीतरी सूचना केली होती.

"घ्यावा," नाना म्हणाले. "एक का, पाच घ्यावेत. समाजासाठी माणसानं एवढं सोसलंच पाहिजे."

नानांनी आयुष्यात शेवटचं इंधन घेतलं ते स्टोव्हसाठी रॉकेल.

बापू भडकले. "गाडी घेताना रस्त्याचा टॅक्स भरला. टोल भरतो. आता पेट्रोलवर पुन्हा? मी एक पैसा देणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे."

आबांनी बशीतला चहा संपवला. "सायकलना हवावर टॅक्स लागू दे नाना, मंग बोला."

नाना गंभीर झाले. पेपराची घडी घालत म्हणाले, "नाही म्हणजे, सर्वसामान्य माणसाचाही विचार व्हायला हवा."

*

करातून आलेला पैसा खड्ड्यापर्यंत पोचतो का, असं सगळे मला विचारतात. मी त्यांना आमच्या ऑफिसातली एक पाहणी सांगतो.

एका गावाने रस्त्यावरच्या खड्ड्यांची तक्रार केली. आमचे साहेब जीप घेऊन पाहणीला निघाले. निम्म्या वाटेत जीपच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. साहेब दुधाच्या टेम्पोत बसून परत आले आणि मला अहवाल सांगू लागले. "लिहा. वाहन जागेपर्यंत पोचू न शकल्याने खड्डे प्रत्यक्ष आढळून आले नाहीत."

मी विचारलं, "साहेब, वाहन का पोचलं नाही ते लिहू?"

साहेब म्हणाले, "त्याची तक्रार आलीय का?"

नव्हती आली.

शिवाय आमच्याकडे पुलाचं टेबल वेगळं आणि रस्त्याचं टेबल वेगळं. दोन्ही टेबलांवर कामसू माणसं होती. पण पूल संपून रस्ता सुरू होतो तिथली वीतभर जागा कुठल्याच टेबलावर नव्हती. ती जागा आमच्या जिल्ह्यातले सगळे लोक बसायच्या हाडाने ओळखतात.

*

बापूंच्या मेव्हणीच्या मुलाचा धरणगावला साखरपुडा होता. बापू आणि अक्का, म्हणजे बापूंची बायको, स्कूटरवरून निघाले. बापूंच्या डोक्यात तो एक रुपया होता. त्यांनी गावातून बाहेर पडतानाच विषय काढला. मागून अक्का "हं" म्हणत होत्या. कधी "समोर बघा" म्हणत होत्या.

पुलापाशी स्कूटर आपटली. बापूंनी हॅन्डल सावरलं आणि वाक्य पुढे चालू केलं. मागून "हं" आलं नाही. "समोर बघा"ही आलं नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात अक्कांना आपलं पटतंय असं बापूंना पहिल्यांदाच वाटलं. मग त्यांनी कर का वाढवू नये याचे राहिलेले सगळे मुद्दे धरणगावपर्यंत पुरवले.

दारात मेव्हणी आरतीचं ताट घेऊन उभी. "दाजी, अक्का कुठंय?"

बापूंनी मान न वळवता अंगठ्याने मागे दाखवलं. "ही काय."

मेव्हणीने ताट खाली ठेवलं.

अक्का पुलाच्या तोंडाशी उडून वाळूत पडल्या होत्या. ती वाळू दुरुस्तीसाठी म्हणून आमच्याच खात्याने फार पूर्वी आणून टाकली होती. तिचा झालेला हा एकमेव सार्वजनिक उपयोग. कोपर खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. मागून आबांचा ट्रॅक्टर आला. अक्का शालू नेसून मडगार्डवर बसून साखरपुड्याला पोचल्या.

आबांनी उतरल्या उतरल्या विचारलं, "बापू, गाडी हलकी व्हयनी तरी तुमले समजनं नही?"

बापू प्रामाणिक माणूस. म्हणाले, "मला वाटलं, ॲव्हरेज सुधारलं."

अक्कांनी केसांतली वाळू झटकली आणि साऱ्या पाहुण्यांसमोर एवढंच विचारलं, "कुठवर आलं होतं भाषण?"

जेवणं झाल्यावर त्यांनी निर्णय सांगितला. तो पूल धड होईपर्यंत त्या बापूंच्या स्कूटरवर बसणार नाहीत.

*

आम्हाला वाटलं, आठवड्यात राग जाईल. नाही गेला. अक्कांचं माहेर, बहीण, विहीण, सगळं पुलापलीकडे. अक्का एसटीने जाऊ लागल्या. बापूंना एकटं जायची लाज वाटे आणि एसटीत बसायचा कमीपणा वाटे, म्हणून ते स्कूटरवरून एसटीच्या मागे मागे जात. एसटी थांबली की बापू थांबत. शेवटच्या खिडकीतून अक्का मागे बघत, आणि बापू ओळख दाखवावी की नाही या विचारात धूर गिळत.

लग्नाकार्यात दोघं वेगवेगळे येताहेत हे लोकांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. एका मुंजीत कुणीतरी बापूंना बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "या वयात काही बिनसलं का?"

बापू म्हणाले, "हो. पूल."

त्या माणसाने बापूंच्या पाठीवर हात ठेवला. त्याला वाटलं, बापूंना बोलवत नाहीये.

गावात परतल्यावर बापू थेट टपरीवर आले. बसता बसताच म्हणाले, "घ्या."

"काय?" मी विचारलं.

"रुपया. घ्या म्हणावं. पण पूल करा."

नाना म्हणाले, "आणि तत्त्वाचा प्रश्न?"

"तत्त्व एसटीत बसून माहेरी गेलंय," बापू म्हणाले.

*

बापू एकदा बाजू बदलले की पूर्ण बदलतात. दुसऱ्या दिवशी ते पंपावर जाऊन उभे राहिले. पेट्रोल भरायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागले, "रस्त्या-पुलासाठी लिटरमागे एक रुपया जादा द्याल का?"

पहिला मोटरसायकलवाला म्हणाला, "काका, रुपयाचं तर पाइपमध्येच राहतं. तेवढं टाकीत पडू द्या, मग पुलाचं बघू."

दुसरा म्हणाला, "देईन, पण माझ्या घरासमोरच्या खड्ड्यापासून सुरुवात करा." तो लगेच जागा दाखवायला बापूंना मागे बसवून घेऊन जायला निघाला होता.

तिसरा एक रिक्षावाला. त्याने पूर्ण ऐकून घेतलं, मान डोलावली आणि रिक्षा वळवून पुढच्या पंपावर गेला. त्याच्या मागे आणखी दोघे गेले. तासाभरात गावभर झालं की या पंपाने भाव वाढवला. पंपाचा मालक हात जोडून बापूंपुढे आला.

"बापू, तुमचा पूल मी बांधून देतो. पण इथून हला."

*

पुढे पेट्रोल वाढलं. पुलासाठी वाढलं की सवयीने वाढलं, ते मालकालाही सांगता आलं नाही. पण पुलाचं काम खरंच निघालं. नाल्यातून कच्ची वाट काढून दिली आणि पूल बंद झाला. बापू रोज चहा झाला की पुलावर जाऊन उभे राहत. मजूर त्यांना इंजिनिअर समजून नमस्कार करत, आणि इंजिनिअर त्यांना तक्रारदार समजून गाडी वळवून जाई.

त्याच दिवसांत अक्कांनी बॅटरीवरची स्कूटी घेतली. भाचीने शिकवली. पहिल्यांदा त्या टपरीसमोरून गेल्या तेव्हा आबा दचकून उठले. "आवाज नही, धूर नही. अक्का, ही गाडी शे का भूत शे?"

"आबा, हिला पेट्रोल लागत नाही," अक्का म्हणाल्या. "तुमचा रुपया तुम्हीच भरा." आणि गेल्या.

बापू टपरीबाहेर येऊन त्या दिशेला बघू लागले. "आता हिला माझ्या स्कूटरची गरजच काय?" असं काहीतरी पुटपुटले. त्या दिवशी आम्ही कुणी त्यांची चेष्टा केली नाही. नानांनी तर चहाचे पैसे दिले.

*

थंडी पडली, भरताची वांगी आली आणि पूलही उघडला. नवे कठडे, पिवळा-काळा रंग, वर गुळगुळीत डांबर. आबांनी शेतात भरीत ठेवलं. बापू सकाळीच टपरीवर आले ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून.

"ही तयार झाली," ते म्हणाले. "पूल धड झाला म्हणते. आज आम्ही एका गाडीवर येणार."

"तुमच्या?" मी विचारलं.

"तिच्या. मी मागे." त्यांनी आमच्याकडे असं पाहिलं की कुणी काही बोलू नये. "पण एका गाडीवर."

नाना, मी आणि आबा पुढे गेलो. शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती, आबांची सून पुऱ्या तळत होती. एवढ्यात बांधाजवळ अक्कांची स्कूटी येऊन थांबली. नेहमीसारखीच, आवाज न करता. अक्कांनी हेल्मेट काढलं, पदर नीट केला. "उशीर नाही ना झाला?"

नानांनी विचारलं, "बापू कुठंयत?"

अक्कांनी मान न वळवता अंगठ्याने मागे दाखवलं. "हे काय."

काडीवरचं एक वांगं फुटलं. आबांच्या सुनेने झारा खाली ठेवला. तेव्हा अक्का वळल्या.

मागची सीट त्यांनी हाताने चाचपून पाहिली.

"तरीच," त्या म्हणाल्या. "घरापासून 'ब्रेक लाव, ब्रेक लाव' चाललं होतं. पूल संपून रस्ता लागतो तिथं गाडी आपटली आणि एकदम बोलणं बंद झालं. मला वाटलं, बसला यांचा विश्वास."

भरीत ठेचून झालं, पानं मांडली, तेव्हा रस्त्याच्या बाजूने बापू चालत येताना दिसले. एक चप्पल पायात, एक हातात. इस्त्रीच्या शर्टाला कोपरापर्यंत वाळू. अक्कांनी सरकून शेजारी जागा केली. बापू बसले. आबांनी पानावर भरीत वाढलं.

बापूंनी पहिला घास खाल्ला, दाताखाली आलेली वाळू बाजूला काढली आणि नानांना म्हणाले,

"नाना, दोन रुपये करायला सांगा."